डावी भुवई

बाहुल्यांच्या मेळ्याला पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाला मी एकच सल्ला देतो, की जाण्याआधी भरपेट खाऊ नये. चर्चमधून थेट आलेल्या, केस नीट बसवलेल्या, अत्यंत सभ्य बायका तिथे एखादी शंभर वर्षांची बाहुली उचलतात, चारचौघांत तिचे केस उपटून टेबलावर ठेवतात, मोकळ्या कवटीत बॅटरी मारतात आणि आत डोकावून "हं" म्हणतात. मग तिला उलटी करून फ्रॉक वर करतात, मांडीवरचा शिक्का वाचतात, आणि "काय गोड आहे नाही" असं म्हणून तिला तशीच टकली टाकून पुढच्या टेबलाकडे वळतात. पहिल्या वर्षी मी बाहेर येऊन बराच वेळ गाडीत बसलो होतो. आता सवय झाली आहे. आता मी सॉसेज खात खातदेखील ते बघू शकतो.

आमच्या डोंगराच्या दोन्ही अंगांना बाहुल्यांशिवाय दुसरं काही पिकलं नाही. बटाटे पिकायचे, पण तेही बाहुल्या रंगवणाऱ्यांनाच खायला. त्यामुळे नॉयश्टाटला दर वसंतात व्यायामशाळेच्या सभागृहात मेळा भरतो तेव्हा अर्धी माणसं बाहुल्या घ्यायला आलेली असतात आणि उरलेली अर्धी, आपल्या आजीने चिकटवलेल्या पापण्यांना परक्या माणसाने किती किंमत लावली आहे ते बघून हळहळायला. मी यांतला कोणीच नाही. मी ड्रायव्हर. शेजारच्या हाइडरून मोटश्मानला मेळ्याला नेतो आणि परत आणतो. हाइडरून एकोणऐंशी वर्षांची आहे. गाडी चालवायला ती शिकली नाही, कारण तिच्या मते गल्लीत एक गाडी असताना दोघांनी शिकणं ही उधळपट्टी आहे. गाडी माझी आहे.

चौदा वर्षं मी तिला मेळ्यांना नेतो आहे. एकदा तर थेट हॉलंडपर्यंत गेलो. या चौदा वर्षांत तिने एकही बाहुली घेतलेली नाही. दुकानदार तिला 'भुवईवाली बाई' म्हणून ओळखतात. ती येते, हातभर उंचीची, कागदाच्या लगद्याच्या डोक्याची बाहुली दिसली की उचलते, केसांना हात लावत नाही, फ्रॉक वर करत नाही, फक्त तिची डावी भुवई बघते आणि ठेवून देते.

"ही आईची," असं कधी कधी म्हणते. बहुतेक वेळा काहीच म्हणत नाही.

यामागची हकीकत तिने मला पहिल्याच वर्षी सांगितली होती, आणि नंतर दर वर्षी जाता जाता सांगितली. ती अशी.

साल एक्कावन्न. हाइडरून सहा वर्षांची. स्वयंपाकघरातल्या टेबलावर भोकांची फळी, भोकांत काठ्या, काठ्यांवर बारा डोकी. आई भुवया रंगवायची. रंगवायची पद्धत ठरलेली: आधी बाराच्या बारा उजव्या भुवया, मग फळी वळवायची आणि बाराच्या बारा डाव्या. हात एकदा वळणावर आला की त्याला मध्ये थांबवायचं नाही. पण त्या दिवशी उजव्या बारा झाल्या, आईने फळी वळवली, आणि तेवढ्यात शेजारची म्हातारी दारात येऊन ओरडली की गाय अडली आहे, लवकर ये. आई ब्रश ठेवून पळाली.

हाइडरूनला वाटलं, आईला मदत करावी. तिने ब्रश उचलला आणि पहिल्या डोक्यावर डावी भुवई काढली. भुवई निघाली, पण जिथे असायला हवी तिथे नाही. ती निघाली ती सरळ कपाळाच्या वाटेला लागली. बाहुली असं बघायला लागली, जणू समोरच्याने नुकतंच काहीतरी सांगितलंय आणि तिचा त्यातल्या एका शब्दावरही विश्वास बसलेला नाही.

तो रंग पुसता येत नसे. पुसला तर खालचा कातडीचा रंगही निघे. आणि माल उद्या सकाळी द्यायचा होता. माल डझनाने घेतला जाई आणि नियम एकच होता, की डझनातल्या बारा सारख्या हव्यात. एक वेगळी निघाली तर अख्खा डझन परत.

"आई आली," हाइडरून सांगते, "हात कोपरापर्यंत ओले. तिने बाहुलीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग परत बाहुलीकडे. मी म्हटलं आता बसणार एक. पण ती खुर्चीवर बसली, ब्रश घेतला, आणि उरलेल्या अकरा भुवया तशाच काढल्या. अगदी तशाच. माझ्या भुवईकडे बघून बघून."

दुसऱ्या दिवशी पाठीवरच्या टोपलीतून डझन गावात गेला. तपासनिसाने बारा डोकी ओळीने लावली, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हा काय नवीन नमुना?" त्याने विचारलं.

"तुम्हीच पाठवला होता," आई म्हणाली.

आपल्या खात्याने काय पाठवलं हे आपल्याला ठाऊक नाही असं कबूल करणारा तपासनीस आमच्या भागात अजून जन्माला यायचा आहे. त्याने शिक्का मारला. डझन देशाचे दोन तुकडे करणाऱ्या हद्दीपलीकडे विकला गेला, आणि चाळीस वर्षं हद्द तशीच राहिल्यामुळे हाइडरूनला त्याच्या मागे जाता आलं नाही. हद्द गेली आणि तिने शोधायला सुरुवात केली. तिला बारा नको होत्या. तिला एक हवी होती. आपण काढलेली.

"पण बाराही सारख्या ना? मग ओळखणार कशी?" मी पहिल्या वर्षी विचारलं होतं.

तेव्हा तिने माझ्या गाडीच्या वाफ धरलेल्या काचेवर दोन भुवया काढून दाखवल्या. पहिली उजव्या हाताने: नाकापासून सुरू, कानाकडे जात बारीक. दुसरी डाव्या हाताने: कानाकडून सुरू, नाकाकडे येत बारीक.

"आई उजव्या हाताची. मी डाव्या. शाळेत मास्तरांनी डावा हात सोडायला लावला. 'चांगला हात' वापर म्हणायचे. पण ही भुवई शाळेच्या आधीची आहे."

डॉक्टर एकेहार्ट प्फिस्टर यांचा प्रवेश इथे होतो. हे डॉक्टर दातांचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी दातांचा छोटा आरसा ठेवून दिला नाही. आता ते तो बाहुल्यांच्या डोक्यात घालतात. मेळा भरवणाऱ्या मंडळाचे ते अध्यक्ष, आणि उंच भुवईच्या बाहुलीवरचे जगातले एकमेव तज्ज्ञ. या बाहुलीला त्यांनी 'संशयी' असं नाव दिलं आहे आणि तिच्यावर चव्वेचाळीस पानांची पुस्तिका लिहिली आहे. तिचा मथितार्थ असा, की ड्रेस्डेनच्या अकादमीत शिकलेला एक अज्ञात चित्रकार त्या काळी आमच्या डोंगरात लपून राहिला होता आणि त्याने सरकारच्या धोरणांवरचा आपला अविश्वास एका भुवईतून व्यक्त केला. पुस्तिकेत धोरणांची यादीही आहे. ती चार पानांची आहे आणि खरं सांगायचं तर तिच्यातल्या एकाही धोरणावर माझाही विश्वास नव्हता.

पुस्तिका निघाल्यापासून संशयी बाहुलीचा भाव अठराशे युरोवर गेला. डॉक्टरांनी आतापर्यंत नऊ शोधून नोंदवल्या आहेत. हाइडरूनने नऊही पाहिल्या आहेत. नऊही आईच्या.

"त्यांना सांगत का नाहीस?" मी एकदा म्हटलं.

"कशाला? बिचाऱ्यांनी चव्वेचाळीस पानं लिहिली आहेत. आणि माझी सापडली का त्यांना? नाही ना. मग माझं काय अडलंय?"

या वर्षी आम्ही पोचलो तेव्हा दारात रांग होती. अंगणात पाइनच्या वाळक्या बोंडांवर सॉसेज भाजायला सुरुवात झाली होती आणि धूर थेट रांगेवर येत होता, म्हणजे व्यवस्था उत्तम होती.

"आधी खाऊ या का?" मी विचारलं.

"आधी बघू. चांगलं नशीब रिकाम्या पोटी असतं."

"हे कोणी सांगितलं?"

"मी."

रांगेत मला काही काम नव्हतं म्हणून मी दारावरची नियमावली वाचली. आयुष्यभर फलक रंगवून पोट भरल्यामुळे कुठलाही फलक वाचल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. नियम बारा होते, सगळे डॉक्टर प्फिस्टर यांच्या सहीचे. पाळीव प्राणी आणू नयेत. लहान मुलांना बाहुल्यांना हात लावू देऊ नये. सातवा नियम मी हाइडरूनला मोठ्याने वाचून दाखवला, कारण असा नियम रोज वाचायला मिळत नाही:

"'तज्ज्ञांनी बनावट ठरवलेली बाहुली या सभागृहात विकता येणार नाही. ती तयार करणारा इसम सापडल्यास त्यास लेखी समज द्यावी, बाहुली त्याच्या ताब्यात परत करावी, व त्यास पुढील एक वर्ष प्रवेश देऊ नये.'"

"सापडला का कोणी आजवर?"

"मी विचारलं होतं मागे. अकरा वर्षांत एकही नाही. बाहुली परत न्यायला कोणी येतच नाही म्हणे."

"कमाल आहे लोकांची," हाइडरून म्हणाली.

आत नेहमीचं दृश्य होतं. टेबलांच्या रांगा, टेबलांवर टकली डोकी, डोक्यांत टॉर्च. एका बाईने काचेचे डोळे वाटीत घालून मांडले होते, निळे वेगळे, तपकिरी वेगळे, आणि एक गृहस्थ त्यांतला एकच निळा मागत होते. घरी कोणीतरी एका डोळ्याने वाट बघत असणार. खिडकीपाशी स्वांत्ये नेहमीच्या जागी होती. ती मूळची समुद्रकाठची, इथे लग्न होऊन आली आणि बाहुल्यांचा दवाखाना चालवते. तिच्यासमोर तुटके हात, रंगाच्या बाटल्या, आणि कोरी, भुवया नसलेली डोकी काठ्यांवर खोचलेली.

"भुवईवाल्या बाई," स्वांत्ये म्हणाली, "आज तरी काही घ्या हो. निदान माझं एक डोकं घ्या. माझं मला पुरतंय."

"तुझ्या डोक्यांना भुवया कुठे आहेत?"

"काढणारं माणूस कुठे आहे? मला नाक जोडता येतं, कान जोडता येतो, पण भुवई काढायला बसले की बाहुली रडकी दिसते."

आम्ही तीन रांगा पाहिल्या. हाइडरूनने सतरा भुवया पाहिल्या आणि सतरा परत ठेवल्या. मग घंटा वाजली आणि डॉक्टर प्फिस्टर यांचं अकरा वाजताचं भाषण सुरू झालं. भाषणाला आम्ही दर वर्षी बसतो, कारण खुर्च्या फक्त तिथेच असतात.

डॉक्टरांनी काचेच्या कपाटातून आपली संशयी बाहुली काढली, सगळ्यांना दाखवली, आणि मग टेबलाखालून दुसरी काढली. तिच्या गळ्यात पुठ्ठ्याचा तुकडा होता: 'बनावट'.

"ही बघा," डॉक्टर म्हणाले. "दोन महिन्यांपूर्वी बेल्जियममधल्या एका घराच्या लिलावातून खोकंभर जुनी खेळणी घेतली, त्यात निघाली. साचा तोच, डोळे तेच, उंची तीच. सामान्य माणूस फसेल. मी पाच मिनिटांत पकडली. अस्सल संशयीची डावी भुवई नाकापाशी जाड असते आणि कानाकडे निमुळती होते. ही उलटी आहे. कानाकडून काढली आहे. मूळ चित्रकाराच्या हातून अशी चूक होणं अशक्य. हा कोण्या अडाणी नकलाकाराचा हात आहे, आणि तोही थरथरता."

हाइडरूनने माझा दंड धरला. ती बारीक अंगाची बाई आहे, पण दंडावर चार दिवस वळ होते.

मग ती उठली. तीस-पस्तीस माणसं बसली होती, त्यांच्या गुडघ्यांमधून वाट काढत ती पुढे गेली आणि हात पुढे केला.

"बघू," ती म्हणाली.

डॉक्टरांनी बाहुली दिली. प्रश्नोत्तरांची वेळ आधीच सुरू झाली असं त्यांना वाटलं असावं. हाइडरूनने बाहुली खिडकीच्या उजेडात धरली. बाहुली तिच्याकडे बघत होती आणि तिचा अजूनही विश्वास बसलेला नव्हता.

"केवढ्याला?" हाइडरूनने विचारलं. आवाज नेहमीचा होता. फक्त चौदा वर्षांत हा प्रश्न तिने कुठल्याच टेबलापाशी विचारला नव्हता, आणि मागच्या रांगेतल्या दोन दुकानदारांनी मान वळवली.

"बाई, ही विकायची नाही. ही बनावट आहे."

"म्हणून तर स्वस्तात द्याल."

"बनावट बाहुली इथे विकता येत नाही. नियम सात."

"आणि अस्सल असेल तर?"

"अस्सल असेल तर विकता येईल," डॉक्टर हसून म्हणाले. "अठराशेला. ही नाही."

हाइडरूनची पेन्शन मला माहीत आहे. अठराशे म्हणजे वसंतापासून हिवाळ्यापर्यंत नुसते बटाटे.

"डॉक्टर," ती म्हणाली, "ही भुवई मी काढली आहे."

बाहेर सॉसेजची चरबी निखाऱ्यात पडल्याचं सभागृहात ऐकू आलं.

"तुम्ही," डॉक्टर म्हणाले.

"मी. सहा वर्षांची होते. आधी मी ही काढली, मग आईने हिच्यावरून बाकीच्या काढल्या. तुमच्या कपाटातली त्यांतलीच. आईची आहे. छान काढली आहे तिने."

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर दातांच्या डॉक्टरांची सौम्यता आली, म्हणजे आता दुखणार नाही असं सांगताना येते ती. "बाई, भावना समजतात. दर वर्षी मला कोणी ना कोणी सांगतं, माझ्या आजीने काढली, माझ्या मावशीने काढली. पण अभ्यास म्हणून काही गोष्ट आहे. चव्वेचाळीस पानं आहेत."

"अहो, चव्वेचाळीस पानं ठीक आहेत, पण हात कुणाचा आहे ते तर बघा."

"त्याला पुरावा लागतो."

"स्वांत्ये," हाइडरून मान न वळवता म्हणाली, "एक डोकं दे. आणि बारीक ब्रश. तपकिरी."

स्वांत्ये टेबलावरून उडी मारून आली असती, पण ती पन्नाशीची आहे म्हणून वळसा घालून आली. काठीवर खोचलेलं कोरं डोकं, रंगाची बशी, ब्रश. हाइडरूनने ब्रश आधी उजव्या हातात घेतला, सवयीने. मग त्याच्याकडे बघितलं आणि डाव्या हातात दिला.

मी दोन्ही हात खिशात घातले. मला वाटत होतं, तिचा हात थांबणार. या हाताने तिने शाळेपासून ना सही केली होती, ना सुईत दोरा ओवला होता. तिने डोक्याला उजव्या हाताने हनुवटीखाली धरलं, जीभ दातांत पकडली, ब्रश कानाच्या अंगाला टेकवला आणि ओढला. एकदाच. भुवई नाकाकडे यायला निघाली, मध्येच विचार बदलला, कपाळाकडे चढली आणि मग खाली उतरून बारीक होत संपली.

स्वांत्येने ते डोकं आणि 'बनावट' बाहुली शेजारी शेजारी धरली. सगळे पुढे वाकले. दोघी एकाच नजरेने आमच्याकडे बघत होत्या.

"तीच," स्वांत्ये म्हणाली. "थरथरसुद्धा तीच."

डॉक्टरांनी खिशातून छोटा आरसा काढला. भुवईला आरशाची काही गरज नसते. ते एकीकडून दुसरीकडे, दुसरीकडून परत पहिलीकडे बघत राहिले, आणि मला त्यांच्या चेहऱ्यावर चव्वेचाळीस पानं उलटताना दिसली. शेवटून पहिल्याकडे. धोरणांची यादी गेली, अकादमी गेली, ड्रेस्डेन गेलं. आता ते म्हणाले असते की बाई खरं सांगत आहेत, तर पुस्तिका संपली आणि बाहुली सगळ्यांत जुनी, सगळ्यांत अस्सल ठरून दोन हजारांच्या वर गेली. आणि म्हणाले असते की बाई खोटं सांगत आहेत, तर पस्तीस माणसांना डोळे होते. भला माणूस आहे हो. कानांपर्यंत लाल झाला होता.

हाइडरूनने त्यांच्याकडे बघितलं. मग बाहुलीकडे. मग परत त्यांच्याकडे. तिच्या आईने एक्कावन्न साली कसं बघितलं असेल ते मला तेव्हा कळलं.

"डॉक्टर," ती म्हणाली, "तुम्ही तज्ज्ञ आहात. तुम्ही ही बनावट ठरवली आहे ना?"

"ठ... ठरवली आहे," डॉक्टर म्हणाले.

"मग मी कबूल करते. बनावट मीच केली. आताच सगळ्यांसमोर करून दाखवली. नियम सात."

कोणीतरी मागून हसलं. डॉक्टर प्फिस्टर यांनी डोळे मिटले, उघडले, आणि मला शपथेवर सांगता येईल की त्यांची डावी भुवई वर गेली.

"नियम सात," ते सावकाश म्हणाले. "हो. नियम सात आहे खरा."

मग ते आपल्या टेबलामागे गेले, तळाच्या खणातून एक पाकीट काढलं आणि पाकिटातून छापील अर्ज. असे पन्नास अर्ज त्यांनी अकरा वर्षांपूर्वी छापून घेतले होते. हा पहिलाच वापरला जात होता.

"नाव?"

"हाइडरून मोटश्मान."

"बनावट केल्याचं वर्ष?"

"एक्कावन्न."

डॉक्टरांचं पेन थांबलं. मग त्यांनी लिहिलं.

"ठिकाण?"

"स्वयंपाकघर."

"हेतू? इथे दोन पर्याय आहेत. आर्थिक लाभ, किंवा कीर्ती."

"आईला मदत."

डॉक्टरांनी दोन्ही पर्याय खोडले आणि बाजूच्या जागेत लिहिलं.

"हे कृत्य उघडकीला का आलं नाही?"

"आई शेजारच्या अडलेल्या गाईजवळ होती."

"साथीदार?"

"आई," हाइडरून म्हणाली, आणि डॉक्टरांचं पेन पुन्हा थांबलं, कारण साथीदारानेही बनावट केली असेल तर कपाटातली बाहुली कुठे जाते, हे दोघांच्या एकदमच लक्षात आलं. "नाही, साथीदार लिहू नका. आईने काही बनावट केलं नाही. तिने समोरचा नमुना नीट बघून काढला. काम तिचं चोख होतं."

"साथीदार नाही," डॉक्टरांनी लिहिलं, आणि असा श्वास सोडला की अर्ज हलला. "पश्चात्ताप?"

"काही नाही."

"इथे रकाना लहान आहे. 'नाही' एवढंच लिहितो. सही करा."

तिने सही केली. डाव्या हाताने. सही कशी दिसते ते त्या हातालाच ठाऊक नसल्यामुळे तिला वेळ लागला, आणि कोणीही घाई केली नाही.

डॉक्टरांनी शिक्का मारला. मग अध्यक्षांच्या आवाजात, उभं राहून, तिला लेखी समज मोठ्याने वाचून दाखवली: असं कृत्य पुन्हा करू नये, संग्राहकांचा विश्वास मोलाचा असतो, वर्षभर प्रवेश नाही. वाचून झाल्यावर त्यांनी बाहुलीच्या गळ्यातला पुठ्ठा काढला, तिचा फ्रॉक खाली ओढून सारखा केला आणि ती दोन्ही हातांनी हाइडरूनकडे दिली. टाळ्या वाजल्या. समज देताना टाळ्या वाजाव्यात की नाही याबद्दल नियमावलीत काही नाही.

देता देता ते खाली वाकले आणि फक्त तिला आणि मला ऐकू जाईल असं विचारलं, "आणि गाय सुटली का?"

"सुटली की. कालवड झाली. तांबडी."

"छान," डॉक्टर म्हणाले. "छान."

नियमाप्रमाणे तिला लगेच बाहेर जावं लागलं. दारापर्यंत दोन दुकानदार आणि एकच निळा डोळा मागणारे गृहस्थ तिला पोचवायला आले. बाहेर गाडीपाशी आल्यावर लक्षात आलं की सॉसेजची टपरी अंगणात म्हणजे फाटकाच्या आत आहे, आणि फाटकाच्या आत आता तिला बंदी आहे.

"जा तू," ती म्हणाली. "मला दोन. मोहरी जास्त. मी गुन्हेगार आहे, मला भूक लागली आहे."

मी गेलो. रांग मोठी होती म्हणून मध्ये सभागृहात डोकावलो. भाषणाच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. डॉक्टर प्फिस्टर एकटेच बसले होते. समोर ते नवं रंगवलेलं डोकं, हातात पेन्सिल. डाव्या हातात. पुस्तिकेच्या पहिल्या पानाच्या समासात ते भुवया काढून बघत होते. तीन-चार काढून झाल्या होत्या आणि एकही जमली नव्हती. मी आवाज न करता मागे फिरलो.

अंगणात स्वांत्येने मला गाठलं. तिच्या हातात पिशवी होती आणि पिशवीत डोकी.

"अकरा आहेत," ती म्हणाली. "पहिलं आतच राहू दे, नमुना म्हणून. बाईंना म्हणावं वर्षभर मेळ्याला यायचं नाहीये, तर वेळच वेळ आहे. आणि ब्रश त्यांनी खिशात घातलाय तो राहू दे त्यांच्याकडेच. डझन पुरा झाला की मी येऊन नेते. मजुरी देते रोख."

मी गाडीपाशी आलो तेव्हा हाइडरून पुढच्या सीटवर बसली होती आणि बाहुली तिच्या मांडीवर. मी सॉसेज दिले आणि निरोप सांगितला. तिने पिशवीत बघितलं, एक डोकं काढून बोटांत फिरवलं.

"लगदा बरा आहे," ती म्हणाली. "पण बारा सारख्या हव्यात, तरच घेईन काम. नाहीतर नाही."

मग दोन्ही सॉसेज संपवले, आणि पहिल्या वळणाच्या आत माझ्या समोरच्या काचेवर, चरबीच्या बोटाने, डाव्या हाताने सराव सुरू केला. घरी पोचेपर्यंत काचेवर सात भुवया होत्या, सातही कपाळाकडे निघालेल्या. पुसू नकोस म्हणाली, मला वळण लक्षात राहतं.

म्हणून मी पुसल्या नाहीत. गेल्या महिन्यात गाडी सरकारी तपासणीला नेली. तपासणीच्या माणसाने दिवे बघितले, ब्रेक बघितले, मग काचेसमोर उभा राहिला, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हे काय, नवीन नमुना?" त्याने विचारलं.

"तुमच्याकडूनच आला होता," मी म्हटलं.

त्याने शिक्का मारला.